बाईकच्या चाकात हवा भरायला जागाच नाही? नोजल, एक्स्टेंडर आणि पंप कसा निवडायचा?

बाईकमध्ये हवा भरताना एक अडचण बहुतेकांना कधी ना कधी येतेच. हवेच्या गनचं तोंड व्हॉल्व्हपर्यंत नीट पोहोचत नाही. एका बाजूला डिस्क, दुसऱ्या बाजूला चेन आणि स्प्रॉकेट, मध्ये हब. हवा भरणारा माणूस गन तिरकी करून दाबतो, फस्स करून हवा उडते, आणि मीटरवर आकडा दिसेपर्यंत टायरमधली होती ती हवासुद्धा कमी झालेली असते.

मग आपण स्वतःचा पंप घ्यायचं ठरवतो. मोबाईलवर शोधायला लागलो की १५० पीएसआय, ४००० एमएएच, डिजिटल डिस्प्ले, एलईडी टॉर्च असे मोठमोठे आकडे आणि फीचर्स दिसतात. पण तो पंप तुमच्या चाकाला जोडता येईल का, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणून या लेखात आपण उलट्या बाजूने सुरुवात करूया. आधी नोजल, मग नळी आणि सगळ्यात शेवटी पंप. मी कोणालाही सल्ला देताना हाच क्रम सांगतो. नोजल बसलं नाही तर महागडा पंपही डिकीत पडून राहतो. नोजल नीट बसलं तर साधा पायपंपसुद्धा काम करतो.

## व्हॉल्व्हजवळ जागा कमी का असते?

बाईक, स्कूटर आणि कार, तिन्हींना सहसा एकाच प्रकारचा व्हॉल्व्ह असतो. त्याला श्रेडर व्हॉल्व्ह म्हणतात. त्याचं पेटंट १८९३ सालचं आहे आणि मूळ रचना आजही तीच आहे. मध्ये स्प्रिंग असलेली एक बारीक पिन असते. पिन आत दाबली की व्हॉल्व्ह उघडतो, सोडली की बंद होतो. म्हणजे नोजलला एकाच वेळी दोन कामं करावी लागतात: पिन दाबायची आणि बाजूने हवा निसटू द्यायची नाही. नोजल थोडं जरी तिरकं बसलं तरी पिन दाबली जाते, पण सील होत नाही. ‘फस्स’ होतं ते यामुळेच.

कारमध्ये व्हॉल्व्ह चाकाच्या बाहेरच्या बाजूला तोंड करून असतो, त्यामुळे समोर मोकळी जागा मिळते. बाईकमध्ये तो बहुतेक वेळा रिमच्या मधोमध असतो आणि त्याचं तोंड थेट हबकडे असतं. म्हणून गन चाकाच्या आत घालून मग वळवावी लागते.

आता थोडा हिशेब करूया. १७ इंची रिमचा व्यास साधारण ४३२ मिमी, म्हणजे त्रिज्या २१६ मिमी. त्यातून हबची जाडी, रिमची जाडी आणि व्हॉल्व्हची लांबी वजा केली तरी काही बोटं जागा उरते. इथे खरी अडचण बाजूने येते. पुढच्या डिस्कचा व्यास बऱ्याच बाईक्सवर २४० ते ३०० मिमी असतो, त्यामुळे त्या बाजूने हात घालणं अवघड जातं. मागे चेनचं मोठं स्प्रॉकेट, सायलेन्सर आणि चाक धरून ठेवणारा लांब दांडा (स्विंगआर्म) आडवे येतात.

स्कूटरचं गणित तर आणखी घट्ट. १० इंची रिमची त्रिज्या १२७ मिमी. आत १३० मिमीचा ड्रम ब्रेक असेल तर त्याचीच त्रिज्या ६५ मिमी. उरले ६२ मिमी. त्यातच ड्रमची भिंत, रिमची जाडी आणि व्हॉल्व्ह बसवायचे! सरळ व्हॉल्व्ह ठेवला तर त्याच्यापुढे नोजल धरायला जागाच राहणार नाही. म्हणूनच १० इंची स्कूटरच्या ट्यूबला अनेकदा वाकडा, म्हणजे काटकोनात वळवलेला धातूचा व्हॉल्व्ह असतो. जी गोष्ट स्कूटरवाल्यांना कंपनीतूनच मिळते, ती बाईकवाल्यांना बाहेरून जुळवावी लागते.

## काहीही विकत घेण्याआधी जागा मोजा

यासाठी मोजपट्टीची गरज नाही. दहा रुपयांचं नाणं घ्या. त्याचा व्यास २७ मिमी असतो. गाडी थंड असताना, इंजिन बंद करून, व्हॉल्व्हचं टोपण काढा आणि दोन गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट, समोरची जागा. व्हॉल्व्हच्या तोंडापासून हबपर्यंत नाणं आडवं बसतं का ते बघा.

- एकही नाणं बसत नाही: कोणतंही सरळ नोजल विसरा. अगदी बुटकं काटकोनी नोजल किंवा वाकडा व्हॉल्व्ह हाच मार्ग.
- एक नाणं बसतं, दोन बसत नाहीत: काटकोनी नोजल किंवा लवचिक नळीचं आट्यांचं नोजल चालेल.
- एकापुढे एक दोन नाणी आरामात बसतात: सरळ छोटं नोजलही चालू शकतं, पण बाजूची जागा तपासा.

हा माझा ढोबळ हिशेब आहे. नोजल घेताना त्याची स्वतःची उंची मात्र जरूर बघा. ऑनलाइन फोटोत सगळंच छोटं दिसतं.

दुसरी गोष्ट, बाजूची जागा. अंगठा आणि एक बोट व्हॉल्व्हभोवती धरून टोपण पूर्ण फिरवता येतं का? येत असेल तर आटे फिरवून बसणारं नोजल चालेल. फक्त बोटाच्या टोकाने थोडं थोडं फिरवावं लागत असेल तर तेच नोजल तुम्हाला दर वेळी वैताग देईल, आणि काढताना हवाही जास्त जाईल.

मोबाईलचा इथे चांगला उपयोग होतो. डोकं खाली घालण्याऐवजी टॉर्च चालू करून दोन्ही बाजूंनी एकेक फोटो काढा. दुकानात किंवा ऑनलाइन नोजल बघताना तोच फोटो समोर ठेवा. व्हॉल्व्हच्या बुडाशी रबराला चिरा पडल्या आहेत का, हेसुद्धा त्याच फोटोत झूम करून दिसतं.

## नोजलचे प्रकार: कोणतं कुठे चालतं?

१. दाबून धरायचं सरळ नोजल. हवेच्या गनवर बहुधा हेच असतं. मोकळ्या व्हॉल्व्हवर सगळ्यात वेगवान, अरुंद जागेत सगळ्यात वाईट. सरळ बसत नाही म्हणून माणूस जोर लावतो आणि तो जोर व्हॉल्व्हच्या रबरी देठावर जातो.

२. दुतोंडी नोजल. ट्रकच्या चाकांसाठी बनवलेलं लांब दांड्याचं नोजल. याचं एक तोंड पुढे आणि दुसरं मागे असतं. मागचं तोंड ओढून लावता येतं, त्यामुळे काही बाईक्सवर ते कामाला येतं. पण डोकं मोठं असतं. डिस्क असलेल्या चाकात ते बऱ्याचदा शिरतच नाही.

३. खटक्याचं नोजल. व्हॉल्व्हवर बसवायचं आणि छोटा खटका दाबून घट्ट करायचं. हात मोकळे राहतात, आणि काढतानाही एका झटक्यात निघतं म्हणून हवा कमी जाते. फक्त खटका उघडायला बाजूला जागा हवी. आरे किंवा डिस्क अगदी चिकटून असेल तर खटका अर्ध्यातच अडतो.

४. आट्यांचं नोजल. बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या पंपांना बहुधा हेच येतं. व्हॉल्व्हच्या आट्यांवर फिरवून बसतं, त्यामुळे सील चांगलं होतं. पण घेताना एक गोष्ट तपासा: नोजलचं पितळी डोकं नळीवर मोकळं फिरतं का? फिरत नसेल तर पूर्ण नळी आणि तिच्यासोबत अख्खा पंप गोल गोल फिरवावा लागतो. अरुंद जागेत ते केवळ अशक्य. ‘मग नळी आधी चाकाला लावू, पंपाला नंतर’ असं करू नका. नळीने पिन दाबली की तिच्या मोकळ्या टोकातून हवा बाहेर यायला लागते.

५. काटकोनी नोजल. माझ्या मते अरुंद चाकासाठी पहिली निवड हीच. नळी बाजूने येते आणि तोंड व्हॉल्व्हवर सरळ बसतं. वरच्या खटक्याच्या आणि आट्यांच्या दोन्ही प्रकारांत काटकोनी नोजल मिळतं. बाजूला बोटं जात असतील तर आट्यांचं घ्या, नसतील तर खटक्याचं.

## अँगल एक्स्टेंडर: उपयोगी, पण लावून ठेवू नका

आहे तोच पंप वापरायचा असेल तर काही शे रुपयांच्या आत एक छोटा पितळी तुकडा मिळतो. एका टोकाला तो तुमच्या व्हॉल्व्हवर बसतो आणि दुसऱ्या टोकाला ९०, ४५ किंवा १३५ अंशांत वळलेला नवीन व्हॉल्व्ह मिळतो. यालाच व्हॉल्व्ह एक्स्टेंडर म्हणतात. आखूड नळीचा एक्स्टेंडरही मिळतो. तो आणखी सोयीचा, कारण तोंड हवं तिकडे वळवता येतं.

पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्यांसाठी ही सगळ्यात स्वस्त युक्ती आहे. एक्स्टेंडर खिशात ठेवा, पोहोचल्यावर लावा, त्यावर गन लावू द्या, हवा भरून झाली की काढा.

पण अनेक जण तो कायमचा लावून ठेवतात. इथे खरा धोका आहे. ताशी ८० किमी वेगाला १७ इंची चाकाच्या व्हॉल्व्हजवळ जो केंद्रोत्सारी जोर तयार होतो, तो गुरुत्वाकर्षणाच्या साधारण ९० पट असतो. म्हणजे २० ग्रॅमचा एक्स्टेंडर त्या वेगाला सुमारे १.८ किलो वजनासारखा वागतो. त्यात तो बाजूला वळलेला असल्यामुळे रबरी देठाला सतत वाकवत राहतो. देठ बुडाशी चिरला तर ट्यूबलेस टायरची हवा हळूहळू नाही, एकदम जाऊ शकते. घाटात किंवा हायवेवर हे होणं परवडणारं नाही.

दुसरी अडचण सीलची. एक्स्टेंडर लावला की मूळ व्हॉल्व्हची पिन बऱ्याचदा दाबलेलीच राहते. मग हवा धरून ठेवायची जबाबदारी एक्स्टेंडरच्या आतल्या पिनेवर आणि त्याच्या रबरी वॉशरवर येते. स्वस्त वॉशर वाळला की रोज थोडी हवा गळणार, आणि आपण पंक्चर शोधत बसणार.

म्हणून साधा नियम लक्षात ठेवा: एक्स्टेंडर हे अवजार आहे, गाडीचा पार्ट नाही.

## कायमचा उपाय: वाकडा व्हॉल्व्ह

टायर ट्यूबलेस असेल तर आणखी एक चांगला पर्याय आहे. रबरी सरळ व्हॉल्व्ह काढून त्या जागी धातूचा ९० अंशांत वळलेला व्हॉल्व्ह बसवून घ्यायचा. तो रिमला नटाने घट्ट आवळलेला असतो, म्हणून एक्स्टेंडरसारखा देठावर लोंबकळत नाही. त्याचं तोंड बाजूला येतं आणि कोणतीही साधी गन आरामात बसते.

हे करताना तीन गोष्टी बघा:

- रिममधल्या भोकाचा आकार. बाईकच्या रिममध्ये साधारण ८ मिमीचं किंवा ११ मिमीच्या थोडं वरचं भोक असतं. चुकीचा व्हॉल्व्ह बसला तर हवा गळतच राहणार.
- व्हॉल्व्हचं तोंड डिस्क, कॅलिपर किंवा चेनला घासत नाही ना, हे चाक हाताने पूर्ण फिरवून बघा. ही तपासणी झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.
- टायर बदलताना हे काम करून घ्या. तेव्हा टायर उतरवलेलाच असतो, मजुरी वेगळी जात नाही. नंतर चाकाचं बॅलन्सिंग तपासून घेतलेलं बरं.

ट्यूबचा टायर असेल तर हा उपाय चालणार नाही, कारण तिथे व्हॉल्व्ह ट्यूबलाच चिकटवलेला असतो. आणि ट्यूबवाल्या चाकात व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसला तर त्यावर नोजल दाबू नका. कमी हवेत गाडी चालवल्याने ट्यूब आत सरकलेली असू शकते. आधी पंक्चरवाल्याकडून ती सरळ करून घ्या, नाहीतर व्हॉल्व्ह बुडातून फाटतो.

## आता पंप: कोणता घ्यावा?

बाईकच्या टायरला किती हवा लागते, याचा अंदाज असला की पंप निवडणं सोपं होतं. १००/९०-१७ मापाच्या टायरमध्ये साधारण १० लिटर जागा असते. १० पीएसआय वाढवायचे तर बाहेरची सुमारे ७ लिटर हवा आत ढकलावी लागते. कारच्या टायरच्या मानाने हे काम बरंच कमी आहे. बहुतेक दुचाकींना २० ते ४० पीएसआयच्या दरम्यान हवा लागते. त्यामुळे १५० पीएसआयचा दावा बाईकवाल्याच्या फारसा उपयोगाचा नाही. त्याऐवजी एका मिनिटाला किती लिटर हवा येते तो आकडा बघा.

बॅटरीचा पंप. अरुंद पार्किंगसाठी सगळ्यात सोयीचा. वायर नाही, आकडा सेट केला की आपोआप थांबतो. मिनिटाला १० लिटर हवा देणारा पंप १० पीएसआयचं काम एका मिनिटाच्या आत करतो. तोटा म्हणजे नळी बहुधा वीतभरच असते. पंप जमिनीवर टेकत नाही, व्हॉल्व्हला लटकतो. अर्धा किलोचं वजन रबरी देठावर लटकवणं बरं नाही. जादा लांब नळी सोबत मिळते का ते बघा, नाहीतर पंप हातात धरा.

१२ व्होल्टचा वायरचा पंप. हा मुख्यतः कारसाठी. १०० ते १२५ सीसीच्या अनेक दुचाकींची बॅटरी ३ ते ५ एएच इतकीच असते, आणि कारचा पंप ८-१० अँपिअर सहज ओढतो. छोटी बॅटरी लगेच उतरते. इंजिन चालू ठेवून वापरायचा विचार असेल तर बंद पार्किंगमध्ये तो अजिबात करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बाईकवरच्या यूएसबी सॉकेटवर पंप थेट चालेल, अशीही अपेक्षा ठेवू नका. ५ व्होल्ट २ अँपिअर म्हणजे फक्त १० वॉट. त्यावर मोबाईल चार्ज होतो, पंपाची मोटर फिरत नाही.

पायपंप. चार्जिंगची भानगड नाही, वर्षानुवर्षं टिकतो, नळीही बऱ्यापैकी लांब असते. मात्र पंप ठेवायला आणि पाय मारायला सपाट जागा हवी. दोन गाड्यांच्या फटीत तो वापरणं कठीण. गाडी थोडी बाहेर काढता येत असेल तर घरी ठेवायला उत्तम.

छोटा हातपंप. सायकलवाल्यांकडे असतो तसा. एका ठोशाला ५० मिली हवा गेली असं धरलं तर ७ लिटरसाठी १४० ठोसे! लांबच्या राईडवर आणीबाणीला ठीक, दर आठवड्याला नको.

सीओटू काडतूस. बोटाएवढं, कुठेही मावतं. पण १६ ग्रॅमच्या एका काडतुसातून साधारण ९ लिटर वायू मिळतो. तो १० लिटरच्या टायरमध्ये जेमतेम १३ पीएसआय देतो. पूर्ण बसलेल्या टायरला दोन-तीन काडतुसं लागतील. वापरताना ते बर्फासारखं थंड पडतं, हातमोजा लागतो. शिवाय कार्बन डायऑक्साइड रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो, म्हणून जवळच्या दुकानापर्यंत पोहोचायची सोय एवढंच त्याला समजा.

## एमएएचच्या आकड्याला फसू नका

मोबाईलमुळे आपल्याला ५००० एमएएच म्हणजे मोठी बॅटरी अशी सवय लागली आहे. पंपाच्या बाबतीत नुसता एमएएच पुरेसा नाही. व्होल्टेजही बघावं लागतं. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॉट-अवर, आणि खरी ताकद तिथे कळते.

२००० एमएएच, ७.४ व्होल्ट: २ × ७.४ = १४.८ वॉट-अवर.
४००० एमएएच, ३.७ व्होल्ट: ४ × ३.७ = १४.८ वॉट-अवर.

दिसायला दुप्पट, प्रत्यक्षात सारखंच! समजा पंपाची मोटर ७५ वॉट खाते. मग १४.८ वॉट-अवरची बॅटरी साधारण १२ मिनिटं चालेल. बाईकच्या दोन टायरमध्ये दर आठवड्याला थोडी थोडी हवा भरायला हे भरपूर आहे. म्हणून मोठ्या बॅटरीसाठी जास्त पैसे देण्यापेक्षा ते लांब नळी आणि चांगल्या नोजलवर घाला.

एक काळजी मात्र घ्या. हे पंप सतत चालवले की तापतात. बॉक्सवर सलग किती मिनिटं चालवायचा ते लिहिलेलं असतं, तेवढंच चालवा. उन्हाळ्यात बंद डिकीत लिथियम बॅटरीचा पंप दिवसभर ठेवू नका.

## मीटरवर किती विश्वास ठेवायचा?

पंप चालू असताना दिसणारा आकडा नळीतला दाब दाखवतो, आणि तो बऱ्याचदा टायरपेक्षा थोडा जास्त असतो. पंप थांबल्यावर दोन-तीन सेकंदांनी दिसतो तो आकडा खरा माना.

नोजल काढतानाही थोडी हवा जाते. कारच्या टायरला त्याचा फरक पडत नाही, बाईकच्या छोट्या टायरला पडतो. म्हणून मी पंप १ पीएसआय जास्तीवर सेट करतो आणि नोजल काढल्यावर वेगळ्या मीटरने तपासतो. हे वेगळं मीटरही नळीचं किंवा वळलेल्या तोंडाचं घ्या. सरळ पेनसारखं मीटर अरुंद चाकात गनइतकंच अडतं.

किती हवा भरायची हे टायरवरच्या ‘मॅक्स’ आकड्यावरून ठरवू नका. ती टायरची कमाल मर्यादा आहे. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये किंवा चेन कव्हरजवळच्या, स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो. एकट्यासाठी वेगळा आणि मागे कोणी बसणार असेल तर वेगळा.

युनिटचा गोंधळ झाला तर एवढं लक्षात ठेवा: १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, आणि १०० केपीए म्हणजेही १४.५ पीएसआय.

हवा टायर थंड असतानाच तपासा. तापमान १० अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. गाडी चालवून आल्यावर आकडा बरोबर दिसला, तर खरी हवा कमीच असते.

## अरुंद जागेत हवा भरायची पद्धत

१. गाडी मेन स्टँडवर घ्या. नसेल तर साइड स्टँड लावा, जमीन पक्की आहे ना बघा. इंजिन बंद, किल्ली खिशात. गाडी नुकतीच चालवली असेल तर डिस्क आणि सायलेन्सर थंड होऊ द्या.

२. व्हॉल्व्ह सोयीच्या जागी आणा. मागच्या चाकात तो चाकाच्या मागच्या अर्ध्या भागात, ॲक्सलपेक्षा थोडा वर असला की स्विंगआर्म आणि सायलेन्सर आडवे येत नाहीत. त्यासाठी चाक टायरला धरूनच फिरवा, किंवा गाडी ढकला. इंजिन चालू करून, गिअर टाकून चाक कधीही फिरवू नका, आणि चेनजवळ बोटं नेऊ नका. चेन आणि स्प्रॉकेटमध्ये अडकलेलं बोट वाचत नाही.

३. टोपण काढून खिशात ठेवा. खाली ठेवलं की हमखास हरवतं.

४. व्हॉल्व्हवरची माती पुसा. एक्स्टेंडर लागणार असेल तर तो बोटांनीच घट्ट करा, पक्कड वापरू नका.

५. एका हाताने व्हॉल्व्हला मागून आधार द्या आणि दुसऱ्या हाताने नोजल लावा. व्हॉल्व्ह वाकता कामा नये. तो वाकत असेल तर नोजल चुकीचं आहे.

६. हवा भरा, पंप थांबल्यावर आकडा बघा, नोजल न थबकता काढा.

७. वेगळ्या मीटरने तपासा. व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकी किंवा साबणाच्या पाण्याचा थेंब लावा. बुडबुडा आला तर पिन घट्ट करायची किंवा बदलायची वेळ झाली.

८. टोपण लावा. ते शोभेचं नाही. बाईकचा व्हॉल्व्ह हबकडे तोंड करून असल्यामुळे जास्त वेगात पिन आत दाबली जाण्याकडे कल असतो. तेव्हा रबर असलेलं टोपण हवेला दुसरा अडसर म्हणून काम करतं.

## थोडक्यात: कोणी काय घ्यावं?

- पेट्रोल पंपावरच हवा भरता: ९० अंशांचा किंवा आखूड नळीचा एक्स्टेंडर आणि नळीचं मीटर. पंप घेण्याची गरज नाही.
- सोसायटीच्या गच्च पार्किंगमध्ये गाडी लावता: बॅटरीचा पंप आणि मोकळं फिरणारं काटकोनी नोजल असलेली लांब नळी.
- गावी अंगण किंवा मोकळी जागा आहे: चांगला पायपंप आणि काटकोनी नोजल.
- लांबच्या राईड करता: बॅटरीचा पंप, एक्स्टेंडर, पंक्चर किट. जागा कमी असेल तर छोटा हातपंप.
- ट्यूबलेस टायर लवकरच बदलणार आहात: त्याच वेळी वाकडा व्हॉल्व्ह बसवून घ्या. बाकीचे बरेच प्रश्न आपोआप सुटतील.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सायकलचा पंप बाईकला चालतो का?
श्रेडर व्हॉल्व्हचं नोजल असेल तर चालतो. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींना वेगळा, डनलॉप प्रकारचा व्हॉल्व्ह असतो. त्या पंपाचं नोजल बाईकला बसत नाही.

मोबाईलला जोडणारे टायर प्रेशर सेन्सर घ्यावेत का?
टोपणाच्या जागी बसणारे सेन्सर उपयोगी आहेत, पण एक्स्टेंडरचा नियम यांनाही लागू होतो. १० ग्रॅमचा सेन्सर ताशी ८० किमी वेगाला सुमारे ९०० ग्रॅमसारखा वागतो. रबरी व्हॉल्व्ह जुना असेल तर आधी तो बदला. शिवाय हवा भरताना सेन्सर दर वेळी काढावा लागतो, आणि अरुंद जागेत बोटं पोहोचतात का हा प्रश्न पुन्हा येतोच.

टायरमध्ये पंक्चर सीलंट आहे, काही वेगळी काळजी?
हवा भरताना व्हॉल्व्ह खाली ठेवू नका. सीलंट खाली साचतं आणि पिनेत किंवा मीटरमध्ये शिरून ते जाम करतं.

किती दिवसांनी हवा तपासावी?
आठवड्यातून एकदा, आणि लांब जाण्याआधी नक्की.

## शेवटी एवढंच

हवा कमी असल्याचं बहुतेकांना माहीत असतं. तरी लोक टाळतात, कारण दर वेळी तीच खटपट, तोच काळा हात. खटपट कमी झाली तर सवय आपोआप लागते. म्हणून आज पंप ऑर्डर करण्याआधी दहाचं नाणं घेऊन पार्किंगमध्ये जा आणि व्हॉल्व्हसमोरची जागा मोजा. तुम्हाला नक्की काय हवंय, ते दोन मिनिटांत कळेल.

तुमच्या गाडीच्या चाकात कोणतं नोजल बसतं, ते मित्रांनाही सांगा. तीच गाडी असलेल्या माणसाचं काम सोपं होईल.